मगर लायन्या हायेत

नत्थुजी निमकरांच्या घरामागचं तळं दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि मांडीइतकं खोल होतं. त्यात कमळाचे चार कंद होते, अकोल्याहून आणलेल्या दहा रंगीत मासोळ्या होत्या आणि एक बेडूक होता, जो आपणहून राहायला आला होता. एवढ्याशा पाण्यासाठी वनखात्याची जीप अंजनगाव सुर्जीत दोनदा आली, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. पण झालं तसंच. आणि त्यात नत्थुजींचा काडीचा दोष नव्हता. दोष असलाच तर एका शब्दाचा होता.

नत्थुजी जन्मभर फुलं आणि भाजी पिकवलेला माणूस. साठी उलटल्यावर मळा पुतण्याच्या हवाली करून ते घरी बसले. पण ज्याचे हात जन्मभर मातीत होते तो नुसता बसतो थोडाच? त्यांनी मागच्या अंगणात खड्डा खणला, शेततळ्याला लावून उरलेली प्लास्टिकची जाड पन्नी त्यात अंथरली, पाणी सोडलं आणि कमळं लावली. "लोकं म्हातारपनी तीर्थाले जातात," त्यांच्या पत्नी पार्वताबाई शेजारच्या गंगूबाईंना म्हणाल्या, "आमच्या घरी तीर्थच खोदून ठेवलं बाप्पा."

या तळ्यामागे नत्थुजींचा एक बेत होता. मुलगा श्याम पुण्यात नोकरीला, सून गीतांजली पुण्याचीच, आणि नात अपेक्षा चार वर्षांची. गेली दोन वर्षं निमकरांच्या घरी अपेक्षा ही नुसती ठेवायची गोष्ट झाली होती. येणार येणार म्हणायची आणि यायची नाही. या वर्षी मात्र महालक्ष्म्यांना येतो, असं श्यामने कबूल केलं होतं. घरच्या तळ्यातलं कमळ नातीने आपल्या हाताने महालक्ष्म्यांना वाहायचं, एवढंच नत्थुजींचं आयुष्यात मागणं उरलं होतं. पाण्यावर दोन कळ्या आल्या त्या दिवशी त्यांनी न राहवून सुनेला व्हिडिओ कॉल लावला.

"हे पाय सूनबाई, कमयाच्या कया!"

"अय्या, किती गोड! पण बाबा, हे तळं किती खोल आहे?"

"खोल कायचं? माह्या मांडीलोक हाय."

"तुमच्या मांडीपर्यंत म्हणजे अपेक्षाच्या गळ्यापर्यंत," गीतांजली म्हणाली. "बाबा, ती पाणी दिसलं की धावत सुटते. लहान मुलाला बुडायला वीतभर पाणीसुद्धा पुरतं हो. आधी ते सुरक्षित करा, मगच आम्ही येऊ."

नत्थुजी जरा फुगले. "मी काय विहीर खोदली का?" असं ते फोन ठेवल्यावर म्हणाले. पण पार्वताबाईंनी, "बराबर बोलली पोरगी. करा बंदोबस्त," असं एका वाक्यात मिटवलं, आणि नत्थुजींनाही मनातून ते पटलं. पटलं म्हणजे फारच पटलं. माणसाला उशिरा पटलं की तो पटलेलं दुप्पट करतो.

पहिल्या दिवशी त्यांनी तळ्याभोवती तुराट्यांची ताटी बांधली. दुसऱ्या दिवशी गंगूबाईंच्या बकरीने ताटीला अंग घासून तिला आडवं केलं, म्हणून बाहेरून बाभळीच्या काट्या रचल्या. त्या काट्यांत पार्वताबाईंची चांगली साडी अडकून फाटली, म्हणून काट्यांबाहेर तारेचं कुंपण आलं. कुंपणाला फाटक आलं. पोरगी फाटक उघडेल तर कळायला हवं, म्हणून पुतण्याच्या बैलांची पोळ्याची घुंगुरमाळ फाटकाला बांधली. पाण्यावर लोखंडी जाळी टाकली. मग गावातल्या पेंटरकडून पाटी करून आणली: 'सावधान! पाण्याजवळ जाऊ नये.' खाली जागा उरली म्हणून पेंटरने आपल्या मनाने एक कवटी आणि दोन हाडंही काढून दिली.

"पोरगी आल्यावर हे चित्र पाहून घाबरन ना," पार्वताबाई म्हणाल्या.

"घाबराचं मूनच तं काढलं!"

"देवघरातल्या देवाले साधी कडी नाई, अन् मासोयाईले कवटी!"

जाळी टाकण्याच्या गडबडीत एक अपघात झाला होता, तो मात्र नत्थुजींनी कोणाला सांगितला नाही. पाण्यावर वाकलेले असताना त्यांना उघड्या फाटकातून आत शिरलेली गंगूबाईंची बकरी काट्यांचा पाला खाताना दिसली. त्यांनी पोटातून ओरडून "हट्ट्!" म्हटलं. बकरी जागची हलली नाही, पण नत्थुजींची खालची कवळी तोंडातून सुटली आणि डुबुक करून तळ्यात गेली. त्यांनी गाळात कोपरापर्यंत हात घालून शोधली. बेडूक हाताला लागला, कवळी लागली नाही. 'हे तयं एक दिवस काईतरी गियनार हाय,' असं पार्वताबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, त्यामुळे खरं सांगायची सोय नव्हती.

"दात कुठं गेले?" पार्वताबाईंनी जेवताना विचारलंच.

"दुरुश्तीले देल्ले. अमरावतीले."

आता खालचे दात नसताना फोनवर बोललं की शब्द ओठांतून फसफसत येतात. सुनेला कळलं तर ती विचारणार, आणि मग सगळंच उघडं पडणार. म्हणून नत्थुजींनी फोनवर बोलणं बंद केलं आणि ते मोबाइलवर लिहायला लागले. अपेक्षाच्या जन्माच्या वेळी दोन्ही घरांचा मिळून एक ग्रुप केला होता, 'अपेक्षा परिवार' नावाचा. त्यावर एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी बंदोबस्ताचा अहवाल टाकला. मोबाइलवर स्वल्पविराम कुठे असतो हे त्यांना आजतागायत सापडलेलं नाही, आणि बोलताना जो लागत नाही तो लिहिताना कायले पायजे, असा त्यांचा सवाल आहे. अहवाल असा होता:

'तयं एकदम सेफ केलं पान्यात मासोया हायेत मगर लायन्या हायेत पोरीले काई करत नाईत'

आता पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन मिनिटं थांबायला पाहिजे. वऱ्हाडात माणसं 'पण' म्हणायच्या जागी बिनदिक्कत 'मगर' म्हणतात. हिंदीचा शेजार जुना आहे, आणि शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसे शब्दही आणलेले आहेत. परत द्यायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. 'येतो, मगर उशीर होईल.' 'पोरगा चांगला आहे, मगर काळा आहे.' यात कोणालाही पाण्यातलं जनावर दिसत नाही. अंजनगावात नाही, अकोल्यात नाही, तेल्हाऱ्यात तर नाहीच नाही.

पण अहवाल पुण्यात वाचला गेला. श्यामने हा ग्रुप केव्हाच मुका करून ठेवला होता, गीतांजली कचेरीत होती. वाचला तो गीतांजलीच्या आईने, म्हणजे विहीणबाई संध्याताईंनी. संध्याताईंनी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाक्य पुन्हा वाचलं. 'मासोया' म्हणजे मासोळ्या, हे त्यांनी ताडलं. 'लायन्या' म्हणजे लहान. आणि 'मगर' म्हणजे... अनेकवचन 'मगरी' असायला हवं होतं, पण ज्या माणसाने सबंध अहवालात एक विरामचिन्ह दिलं नाही त्याच्याकडून वेलांटीची काय आशा धरणार? त्यांनी लिहिलं:

'मगर? कुठून आणल्या?'

नत्थुजींना एकदम भरून आलं. "पाय वं," ते बायकोला म्हणाले, "विहीनबाई आपल्यावानी लिवाले लागल्या! 'मगर कुठून आनल्या' म्हनते. मानूस बदलते, टाइम लागते." आणि त्यांनी उत्साहाने उत्तर पाठवलं:

'अकोल्यावून दहा आनल्या दुकानदार म्हने दिवाईलोक ईतभर होतीन'

दहा! संध्याताईंनी टेबलाचा आधार घेतला. 'खायला काय घालता?' त्यांनी विचारलं.

'कनकीच्या गोया पार्वताच्या हातून खातात बोटाले झोंबतात मगर दात नाईत'

इथे संध्याताई खुर्चीत बसल्या. मगर आणि दात नाहीत! दात नसलेली मगर जन्माला येत नाही, हे मराठी शिकवणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणजे काढले. दहा कोवळ्या जीवांचे दात उपटून त्यांना कणकेच्या गोळ्यांवर जगवत होते, आणि वर ते सगळं अभिमानाने ग्रुपवर लिहीत होते. संध्याताईंनी त्याच बैठकीत वनखात्याला तक्रार लिहिली. भाषा निर्दोष होती, स्वल्पविराम जागच्या जागी होते, आणि पुरावा म्हणून नत्थुजींचे तिन्ही अहवाल जोडलेले होते.

संध्याकाळी गीतांजली दमून घरी आली. आईने तिला चहासुद्धा पुरा पिऊ दिला नाही. "तुझ्या सासऱ्यांनी तळ्यात मगरी पाळल्यात. दहा. दात काढून."

"आई, काहीतरीच काय!"

"लेखी आहे माझ्याकडे!"

श्याम दौऱ्यावर होता, त्याचा फोन लागेना. नत्थुजींना लावला तर ते उचलेनात, आणि का उचलत नव्हते ते आपल्याला ठाऊक आहे. शेवटी वैतागून तिने ग्रुपवर लिहिलं, 'बाबा, त्या तळ्यात जे काही सोडलंय ते सगळं आधी बाहेर काढा. तोपर्यंत आम्ही येत नाही.' सोफ्यामागे खेळत बसलेल्या अपेक्षाने या साऱ्यातून एकच गोष्ट उचलली: आजोबांकडे मगर आहे. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट तिच्या बालवाडीतल्या बावीस मुलांना आणि बाईंना ठाऊक झाली होती.

इकडे नत्थुजींनी ग्रुप वाचला आणि मोबाइल उलटा करून ठेवला. ताटी झाली, काट्या झाल्या, जाळी झाली, कवटी झाली, आणि आता म्हणे मासोळ्याही नकोत.

"ईतभर जीव तो. त्याचंही भेव वाटते का?" ते पुटपुटले.

"पुन्याचं लेकरू हाय. मासोयीलेही भेत असन," पार्वताबाई म्हणाल्या. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. "जाऊ द्या ना. मयातल्या विहिरीत सोडून द्या. मासोया काय, पुन्हा आनता येतीन. नातीले येऊ द्या."

सकाळी आठला नत्थुजींनी जाळी उचलून मासोळ्या एकेक करून बादलीत घेतल्या, उन्हाने पाणी तापू नये म्हणून बादलीवर ओलं पोतं टाकलं आणि बादली उचलून ते घराच्या दारातून बाहेर पडले. नेमकी त्याच वेळी वनखात्याची जीप दारात उभी राहिली.

जीपमधून वनरक्षक शुभम उतरला. हा मूळचा साताऱ्याकडचा, वऱ्हाडात बदली होऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. बरोबर दोन मजूर, एक दोरखंड आणि मोठं जाळं. पोत्याखाली झाकलेली बादली घेऊन लगबगीने निघालेला म्हातारा पाहताच त्याने हात आडवा केला.

"थांबा काका! काय हलवताय?"

"काई नाई, मासोया हायेत."

"नुसते मासेच?"

"मासोयाच. मगर तुमी कोन?"

शुभम एक पाऊल मागे सरला. "मगर कुठंय?"

"अं?"

"मगर, मगर! कुठं ठेवलीय?"

"काय कुठं ठेवली साहेब?" नत्थुजी गोंधळले. दात नसल्याने त्यांचं 'साहेब' ओठांतल्या ओठांत फसफसलं, आणि ते चाचरणं शुभमला चोराच्या मनातल्या चांदण्यासारखं वाटलं.

जीप दारात थांबली की अंजनगावात घरात बसून राहणं पाप समजलं जातं. दहा मिनिटांत मागचं अंगण भरलं. मोबाइलचं दुकान आणि 'सुर्जी लाइव्ह' नावाचं चॅनेल दोन्ही एकहाती चालवणारा योगेश तर दुकान उघडं टाकून आला. शुभम फाटकाशी पोचला आणि बघत राहिला. बैलांची घुंगुरमाळ. तारेचं कुंपण. बाभळीच्या काट्या. ताटी. लोखंडी जाळी. आणि या सगळ्यावर कवटी.

"एवढा बंदोबस्त माशांसाठी?"

"नाई जी, नातीसाठी."

"म्हणजे नातीला धोका आहे?"

"धोका तं हायच ना साहेब. मगर आमी फिट बंदोबस्त केला."

शुभमने वहीत लिहिलं: धोका आहे. मगर आहे. बंदोबस्त केल्याचं सांगतात.

"मगर आमी केलं काय, ते तं सांगा!" पार्वताबाई पदर खोचून पुढे झाल्या.

"मगरीला काय केलंत ते मी बघतोच मावशी," शुभम म्हणाला. "दहा आहेत ना? मोटर लावा रे. तळं उपसा."

हे ऐकल्यावर मात्र नत्थुजींनी बादली खाली ठेवली आणि काट्यांची पर्वा न करता ते तळ्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. धोतर फाटलं, पोटरीला ओरखडे आले. "पानी नका काढू साहेब!" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "पाया पडतो तुमच्या. दोन कया हायेत. परवा महालक्ष्म्या हायेत. नात येनार होती माही, तिच्या हातानं... मासोया न्या, जायी न्या, मले न्या. पानी नका काढू."

शुभम काही वाईट पोरगा नव्हता. त्याने कळ्यांकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि मोटर थांबवली. "बरं. आधी बांबूला जाळं बांधून गाळ चाळून बघू. काही लागलं तर मग उपसू."

जाळं पहिल्यांदा वर आलं तेव्हा त्यात बेडूक होता. गर्दीने "ओऽऽ" केलं. दुसऱ्यांदा स्टीलची वाटी आली. ही वाटी गंगूबाईंनी नेली, असा पार्वताबाईंचा सहा महिन्यांचा संशय होता, आणि नेमक्या गंगूबाई पहिल्या रांगेत उभ्या होत्या. "पाय वं माय, सापडली तुही वाटी!" त्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. तिसऱ्यांदा जाळ्यात गाळाचा गोळा आला. मजुराने तो पाण्यात हलवून धुतला. उन्हात गुलाबी आणि पांढरं काहीतरी लख्ख चमकलं.

"दात!" शुभम ओरडला. "तक्रारीत लिहिलंय! दात काढले म्हणून लिहिलंय! सापडले दात!"

योगेशने मोबाइल दातांवर नेला. "तं मंडळी, सुर्जी लाइव्हवर तुमी सबसे पयले पाहून राह्यले! तयातून दात निघाले हायेत! हे दात जनावराचे हायेत का जनावरानं खाल्लेल्या मानसाचे, याचा तपास चालू हाय..."

'खाल्लेल्या माणसाचे' हे शब्द ऐकून मागची गर्दी पाच पावलं मागे गेली, फक्त पार्वताबाई पुढे गेल्या. त्यांनी जाळ्यातले दात पाहिले. मग वळून नवऱ्याचं तोंड पाहिलं. नत्थुजींनी ओठ गच्च मिटले होते आणि ते आकाशाकडे पाहत होते.

"हे तं यायचे दात हायेत!"

"कोणाचे?"

"यायचे! माह्या नवऱ्याचे! अमरावतीले दुरुस्तीले देल्ले होते ना हो?"

गर्दी अशी खदखदली की बकरी दोर तोडून पळाली. शुभमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो सरकारी माणूस होता. "ते दात राहू द्या," तो म्हणाला. "मगरीचं काय? हे तुम्हीच लिहिलंय ना? ऐका." त्याने कागद काढला आणि शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं, "पान्यात मासोया हायेत. मगर लायन्या हायेत."

मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जे हसू फुटलं ते मघाच्या हसण्याला लाजवणारं होतं. योगेशचा मोबाइल हलायला लागला, गंगूबाई खाली बसल्या, वनखात्याचे दोन्ही मजूर इथलेच, ते तोंडाला गमछा लावून पाठमोरे झाले. एकटा शुभम कागद हातात धरून उभा होता.

"काय झालं?"

"अवो साहेब," पार्वताबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मगर मंजे पन!"

"पण काय?"

"पनच!"

"पण... पण काय मावशी, पुढं बोला ना!"

"पुढं काई नाई! तुमी 'पन' म्हनता ना, ते आमचं 'मगर'! मासोया हायेत, पन लायन्या हायेत!"

शुभमने कागद पुन्हा वाचला, ओठ हलवत, मनातल्या मनात. मग बादलीवरचं पोतं उचललं. आत बोटाएवढ्या दहा मासोळ्या तोंड उघडझाक करत त्याच्याकडे पाहत होत्या. त्याने एक बोट पाण्यात घातलं. त्या बोटाला झोंबल्या. दात नव्हते.

तक्रार मिटवायची तर तक्रारदाराचा जबाब हवा. शुभमने तिथूनच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. संध्याताई आणि गीतांजली दोघी पडद्यावर आल्या. त्याने सगळं सांगितलं. पलीकडे संध्याताईंनी चष्मा पुसला.

"वाक्यात एक स्वल्पविराम नाही," अखेर संध्याताई म्हणाल्या. "मी समजायचं तरी काय?"

पार्वताबाईंनी फोन हातात घेतला. "विहीनबाई, आमच्या इकडं बोलतानी कोनी स्वल्पविराम देत नाई. श्वास लागला तं घेतो, बस!"

गीतांजली आधीच हसून हसून लाल झाली होती. "बाबा कुठायत? बाबा, मला ते तळं दाखवा ना." शुभमने फोन फिरवला. घुंगुरमाळ, कुंपण, काट्या, ताटी, जाळी, कवटी. आणि शेवटी फाटक्या धोतरात, हातात कवळी घेऊन उभे असलेले सासरे. तिचं हसणं थांबलं. "बाबा," ती म्हणाली, "एवढं सगळं अपेक्षासाठी केलंत?"

नत्थुजींनी घाईघाईने कवळी धोतराला पुसून तोंडात बसवली, कारण हे एक वाक्य त्यांना नीट बोलायचं होतं. "तू म्हनली ना सूनबाई, सेफ करा. मून केलं."

"येतोय आम्ही. आजच रात्रीच्या गाडीने. आईपण येतेय." संध्याताईंना हे त्याच वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी अंजनगावात उतरली; श्याम दौऱ्यावरून परस्पर येऊन वाटेत मिळाला होता. अपेक्षाने आजीला पापा दिला नाही, पाणी प्यायली नाही, चपला काढल्या नाहीत. ती घरातून आरपार धावत मागच्या ओट्यावर गेली. नत्थुजी मागोमाग धावले. कळ्यांतली एक अर्धी उमलली होती. "पाय, कमय!" ते म्हणाले.

"मगर कुठाय?"

"मगर नाई व माय. मासोया हायेत. लाल, पिवया..."

अपेक्षाने तळ्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ते रडणं वेशीपर्यंत गेलं असेल. "मला मगर पाहिजे! मी सगळ्यांना सांगितलंय! बाईंना सांगितलंय! मला घरी जायचंय!" श्यामने उचललं तर त्याला लाथ बसली. गीतांजलीने समजावलं, पार्वताबाईंनी लाडू पुढे केला, गंगूबाईंनी कुंपणावरून बकरी दाखवली. दोन वर्षं वाट पाहिलेली नात आल्या पावली परत निघाली होती.

नत्थुजी तिच्यासमोर उकिडवे बसले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "हाय ना बाई. मगर हाय, मगर झोपली हाय. जवळ गेलं का उठते."

संध्याताईंनी वाक्य दुरुस्त करायला तोंड उघडलं. बत्तीस वर्षांची सवय होती. मग नातीचे विस्फारलेले डोळे पाहून त्यांनी तोंड मिटलं आणि ओठावर बोट ठेवलं. "शूऽऽ! हळू बोल. उठेल ना ती."

त्यानंतर चार दिवस अपेक्षा ओट्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होती. खाणं तिथे, खेळणं तिथे, आणि कुजबुजणंही तिथेच. त्या पायरीखाली तिने एकदाही पाऊल टाकलं नाही. कमळ तोडायला आजोबा एकटेच गेले; तिने ते पायरीवर उभं राहून घेतलं आणि चवड्यांवर चालत नेऊन महालक्ष्म्यांना वाहिलं. नत्थुजींनी तेव्हा सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि उदबत्तीचा धूर गेला असं म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी पार्वताबाईंनी काट्या आणि ताटी मोडून चुलीला लावल्या. जाळी मात्र गीतांजलीने काढू दिली नाही. "मगरीवर माझा विश्वास आहे बाबा," ती म्हणाली, "पण जाळी राहू द्या."

मंडळी पुण्याला परतली. पुढच्या सोमवारी सकाळी नत्थुजी मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या घालत होते, तेवढ्यात दारात जीप थांबली. शुभम उतरला. आता त्याला वऱ्हाडात येऊन दोन आठवडे झाले होते. त्याच्या हातात कागद होता आणि चेहरा कसनुसा झाला होता. पुण्याच्या कुठल्याशा बालवाडीतल्या बाईंनी वनखात्याला कळवलं होतं, की अंजनगाव सुर्जी इथे निमकर यांच्या घरामागे एक मगर झोपलेली असून एका विद्यार्थिनीने ती चार दिवस डोळ्यांनी पाहिली आहे.

पार्वताबाईंनी चहाचं आधण ठेवलं. शुभम ओट्याच्या शेवटच्या पायरीवर बसला आणि त्याने कागद गुडघ्यावर पसरला.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या तळ्यात मगर नाही हे मले ठाऊक हाय. मगर तक्रार हाय."